पाण्यावरचा शेजार

आमच्या परळी वैजनाथात जहाजाची आठवण निघते ती बहुधा सत्यनारायणाच्या कथेत, साधुवाण्याची नौका संकटात सापडते तेव्हा. एरवी आमची ओळख पाण्याच्या टंचाईशी. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी येथील औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले आणि पुढच्याच उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपल्या स्मरणात असेल. अशा गावच्या दोन वृद्धांनी चार रात्री समुद्रावर काढाव्यात, ही कल्पना आमच्या डोंबिवलीच्या लेकीची. मी तिला तीनदा नकार दिला. गुडघे दुखतात, खर्च फार आहे, तुझ्या बाबांना बाहेरचे पाणी बाधते, अशी कारणे सांगितली. खरे कारण एकदाही ओठांवर आणले नाही. ते असे की, जहाजावर माणसे असतात.

आमच्या यांचे वय चौऱ्याहत्तर. उभी हयात थर्मलमध्ये गेली, त्यातली बरीच वर्षे २१० मेगावॉटच्या संचावर. दोन वर्षांपूर्वी यांना विसरायला होऊ लागले. आधी चष्मा, किल्ल्या; मग आत्ताच विचारलेला प्रश्न. लातूरच्या मेंदुविकारतज्ज्ञांनी तपासण्या करून स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले आणि औषध दिले. वैजनाथाच्या मंदिराच्या पायऱ्यांवर सायंकाळी यांच्या मित्रांची बैठक असे. एके दिवशी यांनी एकाच माणसाला घटकाभरात चारदा ‘मुलाचं लग्न जमलं का?’ असे विचारले, आणि कोणीतरी हसले. त्या हसण्यात वाईट हेतू नसावा. परंतु दुसऱ्या दिवसापासून मी यांना तिकडे नेले नाही. कोणी विचारले तर ‘सर्दी झाली आहे’, ‘पाहुणे आले आहेत’ असे सांगू लागले. दोन वर्षांत मी यांना माणसांपासून पुरते लपवले, आणि यांच्याबरोबर मीही लपले गेले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असे रुग्ण आहेत, त्यांना हे अधिक उलगडून सांगण्याची गरज नाही.

लेकीने शेवटी थेट डॉक्टरांनाच विचारले. आजार प्रारंभीचा आहे, प्रवास थोड्या दिवसांचा आहे, सोबतीला माणूस आहे, तेव्हा जाण्यास हरकत नाही, असे ते म्हणाले. मात्र दोन गोष्टी त्यांनी बजावल्या. नव्या जागी गोंधळ वाढतो, विशेषतः दिवस मावळताना. म्हणून जेवण, औषध, झोप यांच्या वेळा घरच्यासारख्याच ठेवाव्यात. आणि बोट लागू नये म्हणून दुकानातून सहज मिळणारी गोळी आपल्या मनाने देऊ नये. अशा काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, तोल जातो, आणि ज्यांची स्मृती आधीच उणावली आहे त्यांचा गोंधळ वाढतो. त्यांनी योग्य वाटले ते लिहून दिले. ते लागले नाही. आल्याचा तुकडा आणि क्षितिजाकडे पाहत बसणे एवढ्यावर भागले.

समुद्रसहल म्हणजे काय, हे थोडक्यात सांगते. मुंबईहून २०१८ साली ‘आंग्रिया’ नावाची मुंबई–गोवा प्रवासी नौका सुरू झाली होती. २०२१ पासून कॉर्डेलिया या भारतीय कंपनीच्या जहाजावरून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सहली होऊ लागल्या. आपण गावोगावी सामान वाहून नेत नाही. जहाज हेच हॉटेल, तेच गावोगावी जाते. आमच्या सहलीत पहिल्या दिवशी मुंबई सोडायची, दुसरा दिवस नुसता समुद्र, तिसऱ्या दिवशी लक्षद्वीप, चौथा पुन्हा समुद्र, आणि पाचव्या सकाळी मुंबई. म्हणजे सहलीचा मोठा भाग कोठेही न जाता माणसांत काढायचा असतो. प्रवासाच्या माहितीपत्रकात जलतरण तलाव, नाट्यगृह आणि जेवणाची टेबले दिसतात. शेकडो अनोळखी माणसांबरोबर चार दिवस एकाच छताखाली राहायचे आहे, हे त्या चित्रांवरून लक्षात येत नाही. प्रथमच जाणाऱ्या वृद्धाने मनाची तयारी करायची ती याची.

परळीहून पनवेलच्या गाडीने आम्ही लेकीकडे गेलो आणि तिने आम्हाला बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर सोडले. कागदपत्रे, सामानाची तपासणी आणि रांगा यांत दोन-तीन तास गेले. ज्यांना उभे राहवत नाही त्यांनी चाकांच्या खुर्चीची मागणी आधीच नोंदवावी. जहाज सुटण्यापूर्वी सर्वांना संकटकाळी जमण्याची जागा दाखवतात आणि प्राणरक्षक जाकीट कसे घालायचे ते शिकवतात. हे टाळता येत नाही, आणि टाळूही नये. आमच्या पहिल्या ओळखी येथेच झाल्या. नारिंगी जाकिटाचे बंद कोणालाच नीट बांधता येत नव्हते; म्हणून शेजारच्या माणसाकडे पाहून सारे हसत होते. पुढे किनारा दूर गेला तशी मोबाइलची जाळी गेली. (ती गेली की फोन विमानातल्यासारखा बंद अवस्थेत ठेवावा, नाहीतर उपग्रहामार्फतच्या सेवेचे बिल घरी येऊन धक्का देते.) रात्रीपर्यंत बहुतेकांनी फोन बाजूला ठेवले आणि माणसे समोरच्याशी बोलू लागली. नवरे बायकांशी बोलताना दिसले, याचे मला अधिक नवल वाटले.

पहिल्या रात्रीच्या जेवणाला आमच्या टेबलावर आणखी दोन कुटुंबे होती. ‘कुठले तुम्ही?’ हा पहिला प्रश्न. ‘परळी वैजनाथ’ म्हटल्यावर सांगलीचे एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी यांनी बसल्या जागी हात जोडले. पलीकडे झारखंडच्या एक आजी होत्या. त्या हसून हिंदीत म्हणाल्या की, वैद्यनाथ तर आमच्या देवघरला आहेत. ज्योतिर्लिंग परळीचे की देवघरचे, हा वाद जुना आहे आणि तो आमच्या टेबलावर मिटणार नव्हता. मी म्हटले, आमच्याकडे कोणालाही गाभाऱ्यात जाऊन पिंडीला हात लावता येतो, तुम्ही एकदा या. त्या म्हणाल्या, श्रावणात आमच्याकडे कावडिये पाहायला तुम्ही या. डाळभात संपेपर्यंत आम्ही दोघी मैत्रिणी झालो होतो.

तेवढ्यात यांनी सांगलीकरांना विचारले, ‘कुठले तुम्ही?’ त्यांनी सांगितले. ताक येईपर्यंत यांनी पुन्हा विचारले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा सांगलीकरांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी घाईने म्हणाले, ‘यांना ऐकू कमी येतं.’ हे खोटे होते. यांचे कान तिखट आहेत. गोड न घेताच मी यांना उठवून केबिनमध्ये नेले. ते वाटेत म्हणाले, ‘अगं, बरी माणसं होती की. एवढी घाई कशाला?’

त्या रात्री माझी दुसरी चूक मला भोवली. पैसे वाचावेत म्हणून मी खिडकी नसलेली, आतल्या बाजूची केबिन घेण्याचा हट्ट धरला होता. दिवा मालवला की तेथे दिवस-रात्र काही कळत नाही. पहाटे तीनला हे उठून बसले आणि रात्रपाळीची गाडी चुकली म्हणून कपडे शोधू लागले. भिंतीतून यंत्रांची हलकी घरघर येत होती. थर्मलच्या माणसाला ती ओळखीची वाटली असावी. ज्यांच्या माणसाला असा विकार आहे, त्यांनी खिडकीच्या केबिनसाठी चार पैसे अधिक मोजावेत आणि स्नानगृहातला दिवा रात्रभर चालू ठेवावा.

दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या डेकवर सावलीत आम्ही खुर्च्या टाकून बसलो. रात्रीचे जागरण होते. वारा लागला आणि माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा शेजारची खुर्ची रिकामी होती.

समोर कठडा, आणि कठड्यापलीकडे पाणी. त्या क्षणी मनात जे आले ते लिहीत नाही. मी धावत खाली गेले. जहाजाच्या मार्गिका लांबच लांब, दोन्हीकडे एकसारखी दारे, एकसारखे गालिचे. परळीच्या घरात वाट चुकणारा माणूस येथे कसा सापडणार? अखेर मी एका तरुण कर्मचाऱ्याचा हात धरला आणि दोन वर्षांत प्रथमच परक्या माणसाला स्पष्ट सांगितले, ‘माझ्या नवऱ्याला स्मृतिभ्रंश आहे. ते हरवले आहेत.’ त्याने एकही अनावश्यक प्रश्न विचारला नाही. सदऱ्याचा रंग विचारला, यंत्रावरून सगळीकडे कळवले आणि मला एका खुर्चीवर बसवून पाणी दिले. वीसेक मिनिटे गेली असतील.

हे सापडले ते खालच्या मजल्यावर, ‘कर्मचाऱ्यांखेरीज प्रवेश नाही’ अशा दारापाशी. यंत्रांच्या आवाजाचा माग काढत ते तेथवर उतरले होते. शेजारी जिन्याच्या पायरीवर सांगलीकर गृहस्थ बसले होते. हे एकटेच चाललेले पाहून ते मागोमाग आले होते. त्यांची नोकरी साखर कारखान्यात, बॉयलरवर झालेली. बॉयलरच्या नळीला गळती लागली तर संच कसा थंड करायचा, यावर दोघांचे बोलणे रंगले होते. आणि यांच्या त्या बोलण्यात एकही चूक नव्हती. मला पाहून सांगलीकर उठले आणि हलकेच म्हणाले, ‘वहिनी, ऐकायला तर यांना उत्तम येतंय.’

मी तेथेच रडले. मग सगळे सांगितले. ते म्हणाले, त्यांच्या आईला हेच झाले होते.

रात्री जेवणाच्या टेबलावर यांनी पुन्हा ‘कुठले तुम्ही?’ विचारले. झारखंडच्या आजींनी दर वेळी नव्याने ‘देवघर’ असे उत्तर दिले आणि दर वेळी वैद्यनाथावरून नवे भांडण काढले. यांना त्यात इतकी गंमत वाटली की, हे दोन घास जास्त जेवले. सर्व जण असेच वागले, असे मात्र मी म्हणणार नाही. शेजारच्या टेबलावरील एक कुटुंब दुसऱ्या दिवशी आमच्यापासून दूर जाऊन बसले. पूर्वी मला याचे आठ दिवस वाईट वाटले असते. तेथे दुसरीकडे बोलावणारी माणसे होती म्हणून ते मनाला फार लागले नाही.

आता जहाजावरील समाजजीवनाबद्दल आपणांस जे ठाऊक असावे ते सांगते. पहिल्या दिवशी सारे अनोळखी असतात आणि आपल्याशी कोण बोलणार, असे वाटते. तेथे मोठमोठे गट असतात: कोणाच्या कंपनीची वार्षिक सहल, कोणाच्या लग्नाचा पन्नासावा वाढदिवस साजरा करायला आलेले तीस-चाळीस जणांचे गुजराती कुटुंब, तरुणांचे घोळके. तलावाजवळ गाणी मोठ्याने वाजतात, रात्री मद्यालय आणि जुगाराचे दालन गजबजते. तिकडे जायलाच हवे असे कोणी म्हणत नाही. परंतु आवाजाने डोके उठणाऱ्यांनी, कानाला यंत्र लावणाऱ्यांनी जेवणघर उघडताच जावे आणि कोपऱ्यातले टेबल धरावे. तासाभराने तेथे बोललेले ऐकू येत नाही. जैन आणि शाकाहारी जेवण मिळते, तेव्हा डब्यांचे ओझे नेऊ नये. मी धपाटे नेले होते. ते सांगलीकरांनी संपवले.

ओळखी होतात त्या कार्यक्रमांत फारशा नाहीत. त्या होतात एकाच वेळी एकाच जागी बसल्याने. सकाळी सहाला डेकवर फिरणारी पाच-सात माणसे दुसऱ्या दिवशी तीच असतात. तिसऱ्या दिवशी त्यांतले कोणी आले नाही तर ‘बरे आहेत ना?’ अशी चौकशी होते. म्हणून माझे सांगणे असे की, पहिल्याच दिवशी सकाळची एक आणि सायंकाळची एक जागा ठरवावी आणि ती बदलू नये. आमच्या मंदिराच्या पायऱ्यांवरची बैठक दुसऱ्या कोणत्या नियमाने चालते? जहाजावर फरक इतकाच की, ‘आज कामे आहेत’ असे म्हणायला कोणाला जागा नसते. जे दहा वर्षांत शेजाऱ्याला सांगितले नाही ते माणसे तेथे दोन दिवसांत सांगून जातात. सकाळच्या फेरीत मालवणचे एक वयस्क गृहस्थ होते. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणात जाणाऱ्या बोटीत डेकवर वळकटी पसरून झोपल्याचे, शेजारच्याच्या डब्यातले खाल्ल्याचे ते सांगत. ‘तिथं पैसे न देता हे सगळं होतं,’ असे म्हणून ते या जहाजाच्या तिकिटाला रोज एकदा नावे ठेवत.

आणखी एक सावधगिरी. इतकी माणसे एका जागी जेवतात तेथे उलट्या-जुलाबांची साथ पसरायला वेळ लागत नाही. त्या विषाणूवर हाताला चोळायचे औषध पुरेसे पडत नाही. साबण आणि पाण्यानेच हात धुवावेत, प्रत्येक जेवणापूर्वी. ताप, जुलाब असतील तर भिडेखातर लोकांत न बसता जहाजावरील डॉक्टरांना कळवावे.

लक्षद्वीपचा दिवस मला सर्वांत प्रिय. जहाज बेटापासून दूर नांगरते आणि लहान बोटींतून किनाऱ्यावर जावे लागते. हलत्या बोटीत पाय टाकणे आमच्या गुडघ्यांचे काम नव्हते. सकाळी दहापर्यंत सारे जहाज रिकामे झाले. गाणी थांबली. मागे राहिलो आम्ही काही म्हातारी माणसे, एक गर्भवती मुलगी आणि चाकांच्या खुर्चीतल्या सासूबाईंना घेऊन आलेल्या नाशिकच्या एक बाई. एवढे निळे पाणी मी जन्मात पाहिले नव्हते. न उतरल्याचे दुःख आधी मला झाले होते. अर्ध्या तासात ते उरले नाही.

नाशिकच्या बाईंनी मला विचारले, ‘तुम्ही शेवटचं एकट्या कधी बसला होतात?’ मला उत्तर देता येईना. त्या म्हणाल्या, ‘जा. तासभर मी दोघांजवळ बसते. मग मी जाईन.’ मी गेले. जहाजाच्या मागच्या बाजूला एकटी बसले. काहीही केले नाही. जपही केला नाही. पहिली दहा मिनिटे दर थोड्या वेळाने उठून पाहावेसे वाटत होते. नंतर वाटेनासे झाले. परत आले तेव्हा हे त्या सासूबाईंना थर्मलची चिमणी किती उंच आहे ते सांगत होते आणि त्या प्रत्येक वेळी ‘अगंबाई!’ म्हणत होत्या. दोघांनाही मागचे आठवत नव्हते, त्यामुळे गोष्ट दर वेळी ताजीच राहिली. मग माझी पाळी आली आणि नाशिकच्या बाई वर जाऊन तासभर गाढ झोपल्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात म्हटले आहे की, जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकाकीपणाचा त्रास होतो. त्या सहांत रुग्णाजवळ अष्टौप्रहर बसणारे माणूसही मोजले जात असेल, असे मला तेथे बसल्या बसल्या वाटले.

हरवण्याच्या प्रसंगानंतर आम्ही दोन साध्या गोष्टी केल्या. केबिनचा क्रमांक व माझे नाव लिहिलेले कार्ड यांच्या गळ्यात अडकवले. जहाजाच्या भिंती-दारे पोलादी असतात, त्यांवर लोहचुंबक चिकटते; सांगलीकर वहिनींनी आपल्याजवळचे चुंबकाचे लाल फूल आमच्या दारावर लावून दिले. त्यानंतर हे मार्गिकेत शिरले की लाल फूल शोधत. हे दोन्ही उपाय घरूनच करून निघाला असाल तर माझ्यासारखी धावाधाव आपल्यावर येणार नाही. आणि आजाराची कल्पना जहाजावर पाय ठेवताच कर्मचाऱ्यांना व टेबलावरच्या मंडळींना द्यावी. मी ती दीड दिवस उशिरा दिली.

निरोपाच्या रात्री फोन क्रमांकांची देवघेव झाली. अशा ओळखी धक्क्यावरच संपतात, असे मालवणकरांनी सांगितले होते, आणि बहुतांशी ते खरे ठरले. देवघरच्या आजींचा एकच संदेश आला, महाशिवरात्रीला. नाशिकच्या बाईंच्या सासूबाई गेल्याचे मला दोन महिन्यांनी कळले.

परतल्यावर पहिल्याच सोमवारी मी यांना घेऊन मंदिराच्या पायऱ्यांवर गेले. चौघे जण बसले होते. ‘दोन वर्षं कुठे होता?’ असे त्यांनी विचारले, तेव्हा मी सर्दीचे नाव घेतले नाही. सगळे ऐकून त्यांतले एक जण म्हणाले, ‘आम्हाला तेव्हाच कळलं होतं, बाई. तुम्ही सांगाल म्हणून थांबलो होतो.’ आता मंगळवारी आणि शुक्रवारी ते स्वतः यांना न्यायला घरी येतात, आणि तो तास माझा असतो.

सांगलीकरांचा फोन दर रविवारी सकाळी येतो. मी आवाज मोठा करून फोन यांच्यापुढे ठेवते. हे विचारतात, ‘कुठले तुम्ही?’ ते म्हणतात, ‘सांगलीचा. साखर कारखान्यात होतो, बॉयलरवर.’ हे खुर्ची पुढे ओढून बसतात.